सात नंबरची इमेज

२ मार्च, सोमवार

आजपासून मी संस्थेच्या कॉम्प्युटर लॅबची इन्चार्ज. डायरेक्टर साहेबांनी पत्र हातात दिलं, "अभिनंदन" म्हणाले आणि लगेच कुणाचा तरी फोन घेतला. बाहेर आले तर अण्णा सर्व्हरच्या खोलीच्या दारात उभे.

बारा वर्षांपूर्वी मी इथे लागले तेव्हा केबल कशी सोलायची इथपासून मला शिकवलं ते अण्णांनी. ही लॅब त्यांनी उभी केली, आणि खुर्ची मिळाली मला. त्यांच्या निवृत्तीला नऊ महिने राहिलेत. साहेबांना तेवढं थांबता आलं असतं.

मला वाटलं, रागावलेले असतील. ते हसले. म्हणाले, "बरं झालं पोरी. आता मी जे जे करीन ते मागून एकदा बघत जा."

मी "बरं" म्हटलं, पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत होतं. टोमणाच तो. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "सरळ मनानं बोलले असतील." ह्याला अख्खं जग सरळ दिसतं.

कामाची नोंदवही ऑफिसात आहे. तिथे लिहिता येणार नाही ते ह्या वहीत.

५ मार्च, गुरुवार

आज सगळ्या इमेज मोजल्या. अठरा!

आमच्या साठ मशिनांना स्वतःची डिस्क नाही. बटण दाबलं की मशीन नेटवर्कवरून सर्व्हरला विचारतं, मी आज कोण? सर्व्हर यादीत त्या मशीनचा नंबर बघतो आणि त्याला एक इमेज पाठवतो. इमेज म्हणजे चित्र नव्हे, तयार करून ठेवलेल्या एका अख्ख्या मशीनची नक्कल. टायपिंगच्या वर्गाची वेगळी, हिशेबाच्या कोर्सची वेगळी, परीक्षेची वेगळी. यादीतला आकडा बदलला की मशीन बदललं. संध्याकाळी बंद केलं की दिवसभराचं सगळं विसरलं. विद्यार्थ्यांनी कितीही घाण केली तरी सकाळी मशीन कोरं, ही अण्णांच्या अभिमानाची गोष्ट.

पण अठरा? 'टायपिंग', 'टायपिंग नवी', 'टायपिंग शेवटची' आणि 'टायपिंग खरंच शेवटची'. मी मोठ्यानं वाचलं तेव्हा अण्णासुद्धा पोट धरून हसले. साहेबांना पाच हव्यात. मी काट मारायला बसले आणि सात नंबरवर अण्णा अडून बसले.

सात म्हणजे जुन्या परीक्षेची इमेज. उमेदवाराची उत्तरं ती मशीनच्या मेमरीतच धरून ठेवते आणि शेवटी एकदम सर्व्हरला पाठवते. मध्येच मशीन बंद पडलं तर सगळं गेलं. भरती परीक्षा घेणाऱ्या बोर्डानं आता दर मिनिटाला उत्तर सर्व्हरवर जाईल अशी नवी इमेज मागितली आहे. मग सात कशाला?

"राहू दे गं ती," अण्णा म्हणाले. "मला तीच पाठ आहे."

राहू दिली. मला वाद घालायचा कंटाळा आला होता.

९ मार्च, सोमवार

अण्णांनी आज सर्व्हरचा पासवर्ड तीनदा विचारला. स्वतःच ठेवलेला पासवर्ड! तिसऱ्यांदा मी चिडून म्हटलं, "अण्णा, माझी परीक्षा घेताय का?" ते उठून आत गेले. दुपारी बघते तर सर्व्हरच्या कपाटावर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. 'हा स्विच वरच्या मजल्याचा.' 'ही वायर काढायची नाही.' 'पंखा आधी, मग सर्व्हर.' मी बारा वर्षं ह्या खोलीत वावरतेय, मला हे ठाऊक नाही? इन्चार्ज झाले म्हणून मला शाळकरी मुलीसारखं समजावणं चाललंय.

शिवाय जेवणानंतर ते दुसऱ्या मजल्यावर शिवणाच्या वर्गात गेले आणि बायकांना विचारलं, "लॅब इथेच होती ना?" बायका खूप हसल्या. मलाही त्यांनी हसत हसत सांगितलं. सगळ्यांशी थट्टा करायला वेळ आहे, माझ्यापाशी आले की मात्र तोंड बंद.

१४ मार्च, शनिवार

माझी ताई परीक्षेचा फॉर्म भरायला आली होती. अकरा वर्षं ती रुग्णालयात हंगामी परिचारिका आहे. रात्रपाळ्या, बेडपॅन, लोकांच्या शिव्या, सगळं करून दरवर्षी तीच नेमणूक पुन्हा नव्यानं. ही परीक्षा पास झाली की कायम. वयाची अट चाळीस, आणि चाळीस तिला एप्रिलअखेर पूर्ण होतायत. म्हणजे ही पहिलीच आणि शेवटचीच संधी, कारण आजवर रुग्णालय तिचं नावच पाठवत नव्हतं.

पण तिनं आयुष्यात माउस धरलेला नाही. सुई लावताना जिचा हात हलत नाही, तिच्या हातात माउस पाण्यातल्या माशासारखा पळतो. मला शिकवायला वेळ नव्हता. अण्णा म्हणाले, "मी बसतो तिच्यापाशी."

२० मार्च, शुक्रवार

ताईचे पाच दिवस झाले. आता ती फटाफट प्रश्न उघडते, उत्तरावर खूण करते, पुढे जाते. अण्णांचं कौतुक करताना थकत नाही. "रोज अगदी पहिल्यापासून शिकवतात बघ. हा माउस, हे डावं बटण. काल झालं होतं असं एकदा म्हणत नाहीत. म्हणून इतकं पक्कं बसलं."

मला मेलीला असं कधी शिकवलं नाही. मला एकदा सांगायचे आणि चुकलं की ओरडायचे.

२३ मार्च, सोमवार

परीक्षेची नवी इमेज तयार झाली. नंबर एकोणीस. मी चार वेळा मध्येच वीज तोडून पाहिलं, उत्तरं जिथल्या तिथे परत येतात. बारा वर्षांत पहिल्यांदा एक अख्खी इमेज मी एकटीनं बांधली. अण्णांना दाखवली. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं, पाठीवर थाप मारली आणि खिशातल्या कागदावर लिहिलं, 'परीक्षा = १९'. मग तो कागद घडी घालून खिशात ठेवला. दहा मिनिटांनी काढून परत वाचला.

जुन्या इमेज काढायच्या राहिल्यात. परीक्षेनंतर करीन.

२८ मार्च, शनिवार

उद्या परीक्षा. साठही मशिनं यादीत एकोणीसवर टाकली, एकेक सुरू करून पाहिलं. चार वाजता निघाले. जाता जाता ताईकडे डोकावले. तिनं केस धुतले होते, ओळखपत्र आणि दोन पेनं टेबलावर मांडून ठेवली होती. पेनाची गरज नाही म्हटलं तर म्हणाली, "असू दे. हातात पेन असलं की धीर येतो."

२९ मार्च, रविवार

आज लिहवत नाही.

३० मार्च, सोमवार

लिहायला हवं.

परीक्षा दहाला सुरू झाली. नवाला मी मशिनं लावली. पहिल्या तीन रांगा नीट तपासल्या, पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत १९ दिसतं ते पाहिलं. तेवढ्यात बोर्डाच्या निरीक्षकबाईंनी हाक मारली, उमेदवारांच्या सह्यांचा घोळ होता. मागच्या दोन रांगांपर्यंत मी गेलेच नाही. काल सगळं पाहिलं होतं ना, म्हणून.

बाराला वीस कमी असताना दिवे गेले. दोन सेकंद, फार तर तीन. सर्व्हर बॅटरीवर चालू राहिला, साठ मशिनं एकदम बंद पडून एकदम उठली. मी मोठ्यानं म्हटलं, "घाबरू नका, तुमची उत्तरं सुरक्षित आहेत." किती रुबाबात म्हटलं!

पुढच्या छत्तीस जणांची उत्तरं परत आली. मागच्या चोवीस जणांपुढे पहिलं पान. 'आपले नाव लिहा.'

ताई एक्केचाळीस नंबरवर होती. ती ओरडली नाही की उठली नाही. बाकीचे गलका करत होते, एक माणूस टेबलावर मुठी आपटत होता. ताईनं आपलं नाव लिहिलं आणि पहिल्या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात केली. शंभर प्रश्न, वीस मिनिटं. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. कोपऱ्यात आकडा होता ७.

सतरा प्रश्न झाले तिचे.

३१ मार्च, मंगळवार

सर्व्हरची नोंद काढली. शनिवार, सायंकाळी ५.२२. मशीन ३७ ते ६०, इमेज १९ बदलून ७. अण्णांच्या नावानं.

मी त्यांच्यासमोर कागद धरला. "हे काय आहे?"

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "शनिवारी? शनिवारी मी आलोच नव्हतो."

वॉचमनला बोलावलं. तो म्हणाला, "आला होतात की अण्णा. उद्या परीक्षा आहे, यादी बघून येतो म्हणालात. मी किल्ली दिली."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी इतकी वर्षं त्यांना ओळखते, खोटं बोलताना कधी पाहिलेलं नाही. आज पाहिलं. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही.

"अण्णा, माझी बहीण होती त्या रांगेत. तुम्हीच शिकवलं तिला."

"हो का?" ते म्हणाले. "कशी गेली तिची परीक्षा?"

माझ्या हातून तिथे काही भलतं झालं असतं. मी खोलीतून निघून गेले.

२ एप्रिल, गुरुवार

साहेबांनी लेखी निवेदन मागितलं. ते स्वतः घाबरलेले आहेत. बोर्डानं विचारलंय, चूक कुणाची. चूक आमच्या लॅबची ठरली तर केंद्र जाईल.

मी घडलं ते लिहिलं. साहेबांनी वाचलं आणि पेन टेकवून विचारलं, "चुकून झालं की जाणूनबुजून?"

मी म्हटलं, मला वाटतं तसं.

"वाटतं म्हणजे? काय ते लिहा."

मला ते टोमणे आठवले, त्या चिठ्ठ्या आठवल्या, 'कशी गेली तिची परीक्षा' आठवलं. मी लिहिलं, 'जाणूनबुजून'. सही केली. साहेब जरा हलके झाले असं वाटलं.

मागच्या दोन रांगा मी तपासल्या नव्हत्या, ते निवेदनात नाही. कुणी विचारलं नाही.

अण्णांना दुपारी घरी पाठवलं. चौकशी होईपर्यंत यायचं नाही. ते डबा घेऊन शांतपणे गेले. जाताना मला म्हणाले, "मागून सगळं बघितलंस ना?"

४ एप्रिल, शनिवार

ताईशी कडाक्याचं भांडण. तिच्या परीक्षेसाठी मी लढतेय आणि ती मलाच बोलते!

"अण्णा असं करणार नाहीत," एकच वाक्य धरून बसली.

"नोंद आहे ताई. त्यांच्या नावानं, वेळेसकट."

"नोंदीत काय केलं ते असतं. का केलं ते असतं का?"

मी म्हटलं, तू फार भोळी आहेस. ती म्हणाली, "वॉर्डात अकरा वर्षं माणसं बघतेय मी. त्या माणसात काहीतरी बिनसलंय. पाचव्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, बाई, तुम्ही आज पहिल्यांदाच आलात का?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुला माहीत असेल. तू रोज त्यांच्याशेजारी बसतेस."

मी पर्स उचलली आणि निघून आले. रस्ताभर तिला मनात उत्तरं देत होते. घरी पोचेपर्यंत एकही उरलं नव्हतं.

११ एप्रिल, शनिवार

बोर्डाचं पत्र आलं. आमच्या कारकुनानं मला नियम वाचून दाखवला. तांत्रिक बिघाड किंवा अनवधान असेल तर पंधरा दिवसांत फेरपरीक्षा. कर्मचाऱ्यानं जाणूनबुजून केलेला प्रकार असेल तर चौकशी, आणि बाधित उमेदवारांनी पुढच्या वर्षीच्या परीक्षेला बसायचं.

मी त्याला ते वाक्य परत वाचायला लावलं.

"पण तुम्हीच लिहून दिलंत ना मॅडम, जाणूनबुजून," तो म्हणाला. वाईट हेतूनं नाही, सहज.

पुढच्या वर्षी ताई बसू शकत नाही. एक शब्द. तोही मला कुणी भाग पाडून लिहायला लावला नव्हता.

१५ एप्रिल, बुधवार

टायपिंगची एकही इमेज सकाळपासून उठेना. चाळीस मुलं काळ्या पडद्यांपुढे बसलेली. चार इमेजपैकी खरी कोणती, कोणती कुणाच्या आधारावर बांधली आहे, ते फक्त अण्णांना ठाऊक. शेवटी लाज सोडून त्यांच्या घरी गेले.

दार काकूंनी उघडलं. अण्णांच्या पत्नी, आजवर दोनदाच भेटलेल्या. "या," म्हणाल्या, पण बाजूला झाल्या नाहीत. मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. घरातल्या प्रत्येक गोष्टीवर चिठ्ठी होती. कपाटावर 'कपडे'. एका दारावर 'मोरी'. गॅसवर 'हात लावू नये'. सगळं अण्णांच्या अक्षरात.



"वर्ष झालं," काकू म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले विसरण्याचा आजार आहे, हळूहळू वाढणार. हे म्हणाले, कुणाला सांगू नकोस. उरलेले महिने कसेबसे निघतील, नीट निवृत्त होऊ दे. म्हणून तर स्वतः साहेबांकडे गेले होते, तिला इन्चार्ज करा म्हणाले. ती मागून बघेल माझं सगळं."

साहेबांनी मला हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी त्यातही टोमणाच शोधला असता.

आत अण्णा खिडकीपाशी बसले होते. मला बघून खुलले. मी टायपिंगचं विचारलं, तर धडाधडा सांगितलं. खरी इमेज 'टायपिंग नवी', बाकीच्या तीन तिच्यावर उभ्या, तिचं फोल्डर कुणीतरी हलवलं असेल. कुणीतरी म्हणजे मीच, सोमवारी साफसफाई करताना. बारा वर्षांपूर्वीचं त्यांना अक्षरन् अक्षर आठवतं.

मग म्हणाले, "परीक्षा जवळ आली. सात नंबर लावायला विसरू नकोस."

१६ एप्रिल, गुरुवार

साहेबांकडे गेले. निवेदन मागे घ्यायचं म्हटलं. ते म्हणाले, निवेदन बोर्डात पोचलंय, आता काय ते चौकशी समितीपुढे सांगा. आजाराचं त्यांना माहीत होतं का, हे विचारायचं धाडस केलं. "ते म्हणाले होते, हल्ली थोडं विसरायला होतं. आपण सगळेच विसरतो," असं म्हणून त्यांनी फाइल ओढली.

काकूंना कागदपत्रं आणायची विनंती केली. त्या म्हणाल्या, "त्यांचं ऐकून वर्षभर लपवलं. आता तुमच्यासाठी चारचौघांत मांडू?" मी म्हटलं, माझ्यासाठी नाही. पण थोडं माझ्यासाठीही होतंच.

ताईला फोन केला, सगळं सांगितलं. तिनं फक्त विचारलं, "किती तारखेला आहे चौकशी?"

२२ एप्रिल, बुधवार

चौकशी झाली. दुसऱ्या मजल्यावर, शिवणाच्या वर्गात. यंत्रं भिंतीला सरकवून समितीच्या तिघांसाठी टेबल मांडलं होतं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून काकूंबरोबर आले. ताई उमेदवारांच्या बाजूनं साक्षीला आली होती.

मी आधी बोलले. शब्द चुकीचा लिहिला, रागात लिहिला, मागच्या रांगा मीच तपासल्या नव्हत्या, सात नंबर मीच काढला नव्हता, सगळं सांगितलं. समितीचे अध्यक्ष थकलेले गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे तेव्हा खोटं लिहिलंत, की आज खोटं बोलताय?"

काकूंनी डॉक्टरांचे कागद पुढे केले. अध्यक्षांनी तारीख पाहिली. "वर्षापूर्वीचे आहेत. सुरुवातीची अवस्था लिहिलंय. त्यानंतर वर्षभर हे रोज कामावर येत होते. हजेरी पूर्ण आहे." मग अण्णांकडे वळले. "तुम्हीच सांगा. हे तुम्ही मुद्दाम केलंत का?"

माझं निवेदन त्यांनी अण्णांसमोर ठेवलं. अण्णांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं. ओळींखालून बोट फिरत होतं. त्या शब्दावर थांबलं. मी पुटपुटत होते, नाही म्हणा, अण्णा, नाही म्हणा.

"अक्षर हिचंच आहे," ते म्हणाले. मग अध्यक्षांना अगदी स्वच्छ आवाजात, "साहेब, मला आठवत नाही. पण हिनं लिहिलंय म्हणजे मी केलं असणार. ही नोंद कधी चुकवत नाही. मीच शिकवलंय तिला."

मी उभी राहिले, काहीतरी ओरडले. काय ते आता आठवत नाही. अध्यक्ष म्हणाले, "बाई, बसा. ते स्वतः कबूल करतायत." अण्णांनी दाखवलेल्या जागी सही केली. वळणदार, सुंदर सही. हात जरासुद्धा कापला नाही, आणि अध्यक्षांनी समितीतल्या शेजारच्या बाईंना तेच दाखवलं.

जिन्यात अण्णा थांबले. आमच्याकडे, विशेषतः ताईकडे, बराच वेळ बघत राहिले. ओळख लागत नव्हती, पण काहीतरी त्यांना टोचत होतं. "इथे काहीतरी परीक्षेचं चाललं होतं," ते म्हणाले. "माझ्यामुळे कुणाचं नुकसान नाही ना झालं?"

काकूंनी तोंड फिरवलं.

ताईनं त्यांचा हात धरला, वॉर्डात धरते तसा, मनगटापाशी. "नाही अण्णा," ती म्हणाली. "सगळ्यांचे पेपर छान गेले. माझाही."

"मग झालं," अण्णा म्हणाले आणि एकेक पायरी मोजत खाली उतरायला लागले.

मला वरून हाक आली. साक्षीदाराची सही राहिली होती. त्यांच्या कबुलीखाली मी सही केली.